घरातल्या मोठ्या माणसाला विचारा

मोहिनीचं वय चव्वेचाळीस आहे. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ या आकड्याशी आहे.

नाशिकच्या उपनगर भागात, वडिलांनी नोटांच्या प्रेसमधली नोकरी करता करता बांधलेल्या घरात ती राहते. आई लवकर गेली, मग वडीलही गेले. आता घरात ती, तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण आणि त्याची बायको तेजल. मोहिनीला दिसत नाही. पण जन्मापासून तसं नाही. शाळेत असताना आधी संध्याकाळचं दिसेनासं झालं, मग दोन्ही कडांचं. नळीतून पाहावं तसं उरलं, आणि ती नळी बारीक होत होत एकोणिसाव्या वर्षी बंद झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. त्या नावाचा तिला आजवर काही उपयोग झालेला नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा बीएच्या पहिल्या वर्षाला होती. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. पहिल्या बाकावर टेपरेकॉर्डर ठेवून बसायची, आणि चौथ्या की पाचव्या तासाला भर वर्गात म्हणाली, "बाई, तुम्ही फळ्यावर काहीतरी काढता आणि 'हे असं' म्हणता. कसं?"

वर्ग हसला. मला राग आला, आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं मी निम्मा तास 'हे असं' म्हणत काढत होते. त्या दिवसापासून मी जे लिहायचे ते बोलायचे. बाकीच्या पोरांचेही मार्क त्यामुळे वाढले असतील, पण ते कुणी मान्य केलं नाही.

कॉलेज संपल्यावरही आमचं सुटलं नाही. दर गुरुवारी मी गंगापूर रोडवरून रिक्षाने उपनगरला जाते आणि तिला वाचून दाखवते. मी फाटकाशी पोचले की आतून आवाज येतो, "बाई, उजवा गुडघा आज जास्तच दुखतोय वाटतं." चपलेच्या आवाजावरून ओळखते. डॉक्टरांना एक्स-रे लागतो.

हाच कान तिचं पोट भरतो. मुलाखती, भाषणं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, अशी ध्वनिमुद्रणं लोक तिला पाठवतात आणि ती ऐकून शब्दन् शब्द टाइप करून देते. टायपिंग ती नाशिक रोडला क्लासमध्ये शिकली, जुन्या मशीनवर. तिथे सर सगळ्यांना ओरडायचे, "बोटांकडे बघू नका!" ती सांगते, "वर्गात तेवढं एकच वाक्य माझ्यासाठी नव्हतं."

नंतर कॉम्प्युटर आला आणि त्याच्याबरोबर स्क्रीन रीडर. म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. कुठलं अक्षर दाबलं, कुठली खिडकी उघडली, सगळं बोलतं. मोहिनी तो आवाज इतका वेगात लावते की मला नुसता कढईत मोहरी तडतडल्यासारखा ऐकू येतो. तो बंद पडला की तिच्यापुढे उरतं एक गरम होणारं खोकं.

आता भावाबद्दल. बुद्धभूषण वाईट माणूस नाही. मला तो फारसा आवडत नाही, पण वाईट नाही. आई गेली तेव्हा तो लहान होता. मोहिनीने त्याला वाढवलं, पाढे पाठ करून घेतले, शाळेत नेलं-आणलं. तिची नजर तेव्हा कमी होत चालली होती. दोघं हात धरून रस्ता ओलांडायची. तिला वाटायचं आपण त्याला नेतोय. त्याला वाटायचं आपण तिला नेतोय. मला वाटतं तिथून पुढे दोघांनीही मत बदललेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मोहिनीला एका माणसाचा फोन आला. "तुमच्या स्क्रीन रीडरची मुदत संपलीय, मी इथून दुरुस्त करून देतो, फक्त 'हो' दाबा." गोड आवाज होता. हिने हो दाबलं. त्याने दूर बसून हिच्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या फायलींना कुलूप लावून टाकलं. कित्येक वर्षांचं काम गेलं. मी वाचून रेकॉर्ड करून दिलेली पुस्तकंही गेली. त्यांचं मला फार वाईट वाटलं नाही, माझा आवाज मला आवडत नाही. पण मोहिनी आठवडाभर धड जेवली नाही. आवाजाने आपल्याला फसवावं हे तिला सहन होईना.

बुद्धभूषणने द्वारका चौकाजवळच्या दुकानातून ललित नावाच्या मुलाला बोलावलं. त्याने सगळं पुसून, फॉरमॅट मारून, नवी कोरी सिस्टीम टाकून दिली. कौतुकाने मराठीत टाकली. नवी सिस्टीम टाकली की ती पहिला प्रश्न विचारते, की या मशीनचा मुख्य कोण? म्हणजे ॲडमिन. काय बसवायचं, काय काढायचं, कुणाला आत घ्यायचं हे ठरवणारा. बुद्धभूषणने स्वतःचं नाव सांगितलं, स्वतः पासवर्ड टाकला आणि ताईला म्हणाला, "तुझ्यासाठी साधं खातं ठेवलंय. आता काही बिघडणार नाही."

मोहिनी म्हणाली, "बरं." कुणी आपल्यासाठी काही केलं की ती बरं म्हणते. सवयच लागली आहे तिला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची परीक्षा होती.

पुण्यात एक संस्था आहे, जुने आवाज जपणारी. नाव सांगत नाही. गावोगावच्या माणसांची बोलणी त्यांच्याकडे साठवलेली आहेत आणि ती ऐकून लिहून काढणारं कायमचं माणूस त्यांना हवं होतं. घरून काम. अट एवढीच की वय पंचेचाळीसच्या आत. मोहिनी या वर्षी बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. तिने हे मला तीन गुरुवार सांगितलं, म्हणजे किती हवं होतं ते समजा. "बाई, नोकरी म्हणून नाही हो. तिथे हजारो माणसं बोलून ठेवलेली आहेत आणि कुणी ऐकलेलं नाही त्यांना."

परीक्षा दुपारी बाराला, घरच्या कॉम्प्युटरवर. त्यांचं एक सॉफ्टवेअर बसवायचं. ते एकदा उघडलं की मशीनमधलं दुसरं काहीही उघडत नाही आणि मध्येच बाहेर पडलं तर परीक्षा संपली. खोलीत दुसरं कुणी नको, दुसरा आवाज नको. कॅमेरा चालू. स्क्रीन रीडरला परवानगी होती, पण तो मशीनमध्ये पक्का बसवलेला हवा, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. मी सकाळी दहालाच पोचले. कॅमेऱ्यात तिचा चेहरा येतो की छत, एवढं पाहायचं काम माझं.

मोहिनी नवी साडी नेसून बसली होती. कॅमेऱ्यासाठी. बोटं टेबलावर आधीच वाजत होती.

तिने परीक्षेचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं आणि तडतड एकदम थांबली.

"बाई, हा गप्प का झाला? स्क्रीनवर काय आहे?"

सगळी स्क्रीन काळवंडली होती आणि मधोमध एक चौकट होती. मी चष्मा सारखा करून वाचलं. "हे उघडण्यासाठी परवानगी लागेल. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा."

"काय?"

"घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. खाली बुद्धभूषणचं नाव आणि पासवर्डची जागा आहे."

मोहिनी म्हणाली, "या घरात माझ्यापेक्षा मोठं कोण आहे?"

मी तिथल्या तिथे ललितला फोन लावला. तो बिचारा प्रामाणिक निघाला.

"मॅडम, सर म्हणाले होते, ताईंनी काहीही उघडलं तर मला माझ्या मोबाईलवर कळलं पाहिजे, आणि मी हो म्हटल्याशिवाय काही बसता कामा नये. तशी सोय फक्त लहान मुलांच्या खात्यात असते. म्हणून मी ताईंचं वय आठ टाकलं."

"आठ?"

"दहा टाकलं असतं तरी चाललं असतं, मॅडम."

"आणि तिचा स्क्रीन रीडर मध्येच गप्प का होतो?"

"तो नुसता त्यांच्या खात्यात ठेवलाय. मशीनमध्ये पक्का बसवायला पण सरांचाच पासवर्ड लागतो. सर घाईत होते. ॲडमिनचं काही आलं की तो बोलणार नाही."

"पासवर्ड काय आहे?"

"सरांनी स्वतः टाकला. मी तोंड फिरवलं होतं. आपला तसा नियमच आहे, मॅडम. परत फॉरमॅट मारून दे म्हणाल तर येतो, पण दुपार होईल."

फोन स्पीकरवर होता. मोहिनीने सगळं ऐकलं. आधी ती हसली, अगदी खदखदून. मग म्हणाली, "आठ वर्षांची होते तेव्हा मला दिसत होतं, बाई. भूषणला कडेवर घेऊन नळावर जायचे मी."

तेजल स्वयंपाकघरातून हात पुसत आली. ती साधी, कामसू पोरगी आहे, आवाज कधी चढवत नाही. "यांना फोन लावू का, ताई?" लावला. मोबाईल बंद. बुद्धभूषण अंबडच्या एमआयडीसीत ज्या कारखान्यात आहे तिथे मोबाईल फाटकावरच्या कपाटात जमा करावा लागतो, तो जेवणाच्या सुट्टीत मिळतो. जेवणाची सुट्टी परीक्षेच्या नंतर.

"तुला माहीत असेल पासवर्ड," मी म्हटलं.

"मला कशाला सांगतील हो? माझ्या मोबाईलचा पण यांनीच टाकलाय."

आम्ही अंदाज बांधायला बसलो. तेजलने लग्नाची तारीख सांगितली. चूक. गाडीचा नंबर. चूक. मोहिनीने वडिलांचं नाव आणि घराचा नंबर सांगितला. चूक. मी म्हटलं, स्वतःचंच नाव टाकलं असेल, माणूस तसाच आहे. तेही चूक. मग चौकटीने सांगितलं की फार वेळा चुकलात, थोडा वेळ थांबा. मशीनने दरडावलेलं मला आवडत नाही, पण थांबलो. खाली एक ओळ होती, 'पासवर्ड विसरलात?' मी आनंदाने दाबायला लावलं. त्यावर उत्तर आलं की बुद्धभूषणच्या मोबाईलवर सहा आकडी क्रमांक पाठवला आहे.

म्हणजे अंबडच्या फाटकावरच्या कुलूपबंद कपाटात तो क्रमांक येऊन पडला.

तेव्हा मी विचारलं आणि जे कळलं ते ऐकून थक्क झाले. या घरातला प्रत्येक ओटीपी बुद्धभूषणच्या मोबाईलवर जातो. मोहिनीच्या बँकेचा, आधारचा, अपंगत्वाच्या दाखल्याचा, तेजलच्या बँकेचा, गॅसचासुद्धा. मोहिनीला स्वतःचा मोबाईल आहे, चांगला बोलका आहे, पण त्याचा नंबर कुठेही दिलेला नाही. "एकाच ठिकाणी असलेलं बरं ना," तेजल म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर उपनगरातल्या निम्म्या घरांत असंच असेल, आणि गंगापूर रोडवरही.

"कारखान्याच्या फाटकाचा नंबर असेल ना?" मी म्हटलं.

तो होता. मी लावला.

"बुद्धभूषणला बोलवा. घरून फोन आहे."

"लाइनवर आहेत, मॅडम. सुट्टीत लावा."

"इमर्जन्सी आहे."

"कोणी गेलं का?"

"अजून नाही. पण तुम्ही असेच बोलत बसलात तर मी येऊन कुणाला तरी घालवीन."

पहारेकरी हसला, पण निरोप पोचवतो म्हणाला. मग आम्ही वाट पाहत बसलो. मोहिनीचा डावा हात कीबोर्डवर होता, नुसता ठेवलेला, आणि उजव्या हाताने ती साडीचा काठ चुरगाळत होती. इतक्या वर्षांत तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. दिसेनासं झालं त्या वर्षीही ती माझ्यासमोर रडली नव्हती. टेपच्या सेलसाठी भांडली होती.

"बाई, मला त्या गोड आवाजाच्या माणसाचं कळतं," ती मध्येच म्हणाली. "त्याने निदान मला फोन करून विचारलं होतं."

बाराला वीस कमी असताना बुद्धभूषणचा फोन आला. धापा टाकत होता. "काय झालं? ताईला काय झालं?"

"मला काही झालं नाही. पासवर्ड सांग."

मागे कारखान्याचा घरघराट.

"भूषण, माझी परीक्षा आहे. सांगितलं होतं तुला."

"ताई, पण ती आज… अगं, तू नुसतं सांगितलं असतंस तर मी सकाळी…"

"दोनदा सांगितलं. पासवर्ड."

"ताई, असं फोनवर नको. बँकेला पण तोच आहे. आणि मागच्या वेळी पण तू असंच कुणीतरी सांगितलं म्हणून… नीट बघितलंस का, ती संस्था खरी आहे ना?"

मी फोन हातात घेतला. "बुद्धभूषण, मी आहे इथे. संस्था खरी आहे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि माझे डोळे ठीक आहेत. सांग."

"मॅडम, तुमच्याबद्दल काही नाही हो. पण… तेजलला द्या फोन. तेजलला सांगतो, ती टाकेल. एकदाच टाक म्हणावं. आणि मॅडम, तुम्ही जरा बाहेर… राग मानू नका."

मी राग मानला. पण बाहेर ओट्यावर गेले, कारण घड्याळ चालू होतं. आतून तेजलचा आवाज येत होता, "हं… हं… मोठं अक्षर… हं," आणि त्यावर मोहिनीचा, "मी पण कानात बोळे घालू का, तेजल?"

"ताई, तसं नाही हो…"

"तेजल, ऐक. आधी स्क्रीन रीडर बसव. पक्का बसव. त्याला पण हाच पासवर्ड लागेल. मग परीक्षेचं उघड."

"हे एकदाच टाक म्हणालेत."

"अगं, तो माझा आवाज आहे! परीक्षा उघडली की मग काही बसवता येणार नाही."

"अहो, ऐकताय ना? ताई म्हणतायत की…" तेजलने नवऱ्याला विचारलं. त्याने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. बहुधा पहारेकरी घाई करत असावा. फोन बंद झाला. किल्ली दाबल्याचे टकटक आवाज आले, मग एक शेवटचा.

"टाकला, ताई. परीक्षेचं सुरू झालं बघा."

मी पळत आत गेले. सुरू झालं होतं खरंच. सगळी स्क्रीन पांढरीशुभ्र, वर संस्थेचं नाव, कोपऱ्यात मोहिनीचा चेहरा. आणि तडतड नव्हती. एक अक्षरही बोलत नव्हतं. मोहिनीने दोन-तीन बटणं दाबून पाहिली. मग हात मांडीत घेतले.

"गप्प आहे," ती म्हणाली.

तेजलचा चेहरा पडला. "मी परत टाकू का? मला आता माहितेय. परत टाकते ना…"

"आता नाही उघडणार काही." मोहिनीने हेडफोन उचलला. बारा वाजत आले होते. "बाहेर जा दोघी. दुसरा आवाज चालत नाही. मी मुकी परीक्षा देते. टायपिंगच्या क्लासात कुठे मशीन बोलत होतं?"

खोलीला दार नाही, पडदा आहे. आम्ही पडद्याबाहेर उभ्या राहिलो. फटीतून स्क्रीन तिरकी दिसत होती. सकाळी कॅमेरा मीच लावला होता, त्यामुळे आम्ही त्यात येत नाही हे मला माहीत होतं.

ध्वनिमुद्रण सुरू झालं असावं. मोहिनीची मान एका बाजूला कलली, ओठ किंचित हलले आणि बोटं धावायला लागली. काय वेग होता! नंतर तिने मला सांगितलं की लासलगावच्या बाजारात आयुष्य काढलेला एक म्हातारा होता तो, कांद्याचा लिलाव कसा पुकारायचा ते सांगत होता, मध्येच पुकारून दाखवत होता, खोकत होता, आणि मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता. "एक शब्द सुटला नाही माझा, बाई."

सुटला नसेलच. पण मी फटीतून पाहत होते आणि पान कोरं होतं.

स्क्रीनवर मधोमध एक लहानशी चौकट येऊन बसली होती, 'सूचना दाखवू द्यायच्या का? हो. नाही.' ती हटेपर्यंत खाली काहीच उमटत नव्हतं. मोहिनी जे टाइप करत होती ते कुठेही जात नव्हतं. स्क्रीन रीडर असता तर चौकट आल्या क्षणी त्याने सांगितलं असतं. हिला काहीच कळायला मार्ग नव्हता. ती मान कलती करून, चेहऱ्यावर ते म्हाताऱ्याचं बोलणं ऐकण्याचं सुख घेऊन, कोऱ्या पानावर लिहीत होती.

तेजलने माझं मनगट धरलं. तिलाही दिसलं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं. बोललं तर परीक्षा गेली, गप्प बसलं तरी गेली. मी आयुष्यभर सरकारं आणि कायदे शिकवले, पण त्या पडद्याआड मला काही म्हणजे काही सुचलं नाही. आत जाऊन हात लावावा तर कॅमेरा. वीज घालवावी तर तेही बाहेर पडणंच. बोटं धावत होती, पान कोरं होतं, आणि ध्वनिमुद्रण काही पुन्हा लागणार नव्हतं.

"ताई, थांबा!"

तेजल ओरडली. जी कधी आवाज चढवत नाही ती. पडदा फाडायचाच बाकी ठेवला. "ताई, पान कोरं आहे! काही उमटत नाहीये! चौकट आलीय मध्ये!"

मोहिनीची बोटं थांबली. तिने मान वळवली नाही. स्क्रीनवर वरच्या बाजूला लाल अक्षरं आली, 'दुसऱ्या व्यक्तीचा आवाज नोंदवला आहे.' ती तिला कुणी वाचून दाखवली नाहीत. तिला गरजही नव्हती.

एक सेकंद गेला असेल. मग तिने डावीकडचं कोपऱ्यातलं एस्केपचं बटण दाबलं, चौकट गेली, आणि ती पुन्हा टाइप करू लागली. म्हातारा जिथे पोचला होता तिथून. आणि पान भरायला लागलं, ओळीवर ओळ, काना-मात्रा सगळं जागच्या जागी. तेजल जमिनीवर बसून तोंडाला पदर लावून रडत होती. मी उभीच होते. मोहिनी शेवटपर्यंत लिहीत राहिली. आता त्याचा काही उपयोग नाही हे तिला आमच्याआधी समजलं होतं, तरी तिने त्या म्हाताऱ्याला मध्येच सोडलं नाही.

वेळ संपली, स्क्रीन आपोआप बंद झाली. मोहिनीने हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली.

"तेजल, रडू नकोस. चहा टाक. बाई सकाळपासून उपाशी आहेत."

"मी एकदाच टाकला… तुम्ही सांगत होतात आणि मी…"

"चहा टाक म्हटलं ना."

बुद्धभूषण जेवणाच्या सुट्टीत मोटरसायकल दामटत आला. हेल्मेट हातातच. "झाली परीक्षा? झाली ना? मी म्हटलं होतं ना तेजल टाकेल नीट."

मग तेजलने सांगितलं. रडत नाही, अगदी सरळ, सगळं. स्क्रीन रीडर आधी बसवायला ताई सांगत होत्या हेही, आणि तुम्ही एकदाच म्हणालात हेही. तो उभ्या उभ्या ऐकत होता. हेल्मेट त्याने खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"ताई, मी तुझ्याच भल्यासाठी…"

"माहितेय."

"मागच्या वेळी तुझं किती गेलं, तू जेवत नव्हतीस, मला बघवत नव्हतं…"

"तेव्हा हो मी दाबलं होतं, भूषण. चूक माझी होती. माझी मी भोगली. आजची कुणाच्या खात्यात टाकू? माझ्या खात्यात तर आठ वर्षांची मुलगी आहे."

त्याला हे वय माहीत नव्हतं. ललितने त्याला सांगितलंच नव्हतं. त्याने नुसतं 'सगळं माझ्या मोबाईलवर आलं पाहिजे' एवढं म्हटलं होतं. तो मटकन खुर्चीवर बसला. मला त्याची दया आली, आणि त्या दयेचाही राग आला, कारण मला त्या दिवशी कुणाचीही दया करायची नव्हती.

"काय करू, सांग," तो म्हणाला.

"तुझा पासवर्ड टाक. आधी स्क्रीन रीडर पक्का बसव. मग माझं खातं मुख्य कर. वय चव्वेचाळीस टाक. बाई, तुम्ही स्क्रीन वाचा, खरंच तसं होतंय का."

मी एकेक ओळ वाचली, तो दाबत गेला. तडतड परत आली तेव्हा मोहिनीचे खांदे खाली आले. मग मशीनने विचारलं, नव्या ॲडमिनचा पासवर्ड?

"सांग, मी टाकतो," बुद्धभूषण सवयीने म्हणाला.

"ऊठ. आणि तोंड फिरव."

तो उठला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मोठा झालेला, कारखान्याच्या निळ्या शर्टातला. मीही फिरवलं. तेजल चहाचे कप घेऊन पडद्याशी आली होती, तीही न सांगता वळली. किल्ल्या वाजल्या. बराच लांब पासवर्ड होता.

"तेजल," मोहिनी म्हणाली, "तुला पण एक खातं करून देते. तुझं तू टाक."

"मला कशाला, ताई…" म्हणत तेजल कप ठेवून खुर्चीत बसली. या वेळी आम्ही तिघांनी तोंडं फिरवली.

संस्थेचं पत्र मेलवर आलं. दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळल्याने विचार करता येत नाही. भाषा सभ्य होती. मी त्यांना सविस्तर लिहिलं, त्यात सभ्य शब्द कमी होते. उत्तर आलं की उमेदवाराचं लेखन अचूक होतं, पण नियम सर्वांना सारखा. नियम बरोबरच आहे, मी स्वतः तसाच शिकवला असता. पुढच्या वेळी वय उलटलेलं असेल. मोहिनी पूर्वीसारखीच सुटी कामं करते, आणि लासलगावच्या त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं असेल म्हणून मला विचारते. मला काय माहीत!

बँकेचा आणि आधारचा नंबर तिने बदलून घेतला. बुद्धभूषण स्वतः तिला घेऊन गेला, किंवा ती त्याला घेऊन गेली. त्याची मात्र एक तक्रार आहे. परवा मला फाटकापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही तरी सांगा तिला. उद्या काही झालं, ती आजारी पडली, तर मशीन उघडणार कसं? पासवर्ड कुणाला तरी माहीत हवा ना."

बोलणं चुकीचं नव्हतं त्याचं. म्हणून मी मोहिनीला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "बरं, बघते," आणि मला पुढचं पान वाचायला सांगितलं. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा विचारलं. अजून सांगितलेला नाही.